भिकीबाईची चौदा कात्रणं

पुणे,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय काका,

नमस्कार. पार्सल पोचलं. तुम्ही त्याला इतक्या गाठी मारल्या होत्या की खोलीतल्या आम्हा तिघींना ते सोडवायला अर्धा तास लागला. फोनवर ओरडण्यापेक्षा पत्रच लिहिते. मितेशदादा सांगत होता की त्यानं आणलेलं कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा कपाटात ठेवून दिलंय.

एकूण एकसष्ट कात्रणं आहेत. सगळ्यांना नंबर घातले. तुम्ही ती कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्यांवर चिकटवलीत म्हणून टिकली, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातलीत हे तर फारच बरं झालं. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, असा संग्रह ग्रंथालयातही मिळायचा नाही, कारण असली विनोदी साप्ताहिकं कुणी बांधून ठेवायच्या लायकीची मानलीच नाहीत. वाचली आणि रद्दीत घातली.

मी नक्की काय करतेय ते घरी कुणाला धड कळलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चाळीस वर्षांपूर्वी ही साप्ताहिकं आपल्यासारख्या खाडीकाठच्या, आगरी बोलणाऱ्या माणसांकडे कशी बघत होती, हा माझा प्रबंधाचा विषय आहे. कुणाला विचारलं की तो म्हणतो, छे, आम्ही असं कधी वागलोच नाही. कात्रणाला तसं म्हणता येत नाही. ते छापलेलं असतं. पाच ऑक्टोबरला विभागात या कात्रणांचं प्रदर्शन ठेवायचं ठरलंय.

सगळ्यात मोलाची आहेत ती 'हसरा गुरुवार'मधली 'भिकीबाईची फेरी' या सदराची चौदा कात्रणं. गावची बाई शहरात येते, बँकेत जाते, लिफ्टमध्ये बसते, फोटो काढायला जाते आणि दर वेळी तिचं हसं होतं. लेखकाचं नाव 'नवशिका'. माझा अंदाज आहे की हा कुणी शहरातला शिकलेला माणूस असणार, ज्यानं खाडीचा पूल कधी ओलांडलेला नाही.

तुम्हाला हा कोण ते माहीत आहे का? आणि तुम्ही ही कात्रणं का जमवलीत? पॉवरलूमवर बारा तासांची ड्युटी करून घरी आल्यावर हे कापून चिकटवत बसायचं म्हणजे आत केवढा राग असला पाहिजे. मला हे प्रस्तावनेत लिहायचंय.

तुमची,
उन्नती


वळ,
१२ ऑगस्ट २०२४

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. आपल्या खालच्या शेताशेजारी आणखी एक गोदाम उभं राहतंय, त्यामुळे दिवसभर खडीचे डंपर चालू असतात. बाकीच्यांना त्रास होतो. मला ऐकू येत नसल्याने होत नाही. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, त्याचा एवढा फायदा.

कात्रणं तुझ्या उपयोगी पडली याचं समाधान वाटलं. का जमवली याचं उत्तर देणं अवघड आहे. राग म्हण हवं तर. त्या काळी शेलार गावात एक वाचनालय होतं. एकच खोली, दोन बाकं, एक कपाट. सावळाराम नावाचा एक जण ते चालवायचा. घरची शेती सांभाळून संध्याकाळी दोन तास उघडायचा. मी ड्युटीवरून येताना तिथे बसत असे. जुने अंक तो मला देऊन टाकायचा. त्यातूनच हे जमलं.

एक सांगतो ते ऐक. प्रदर्शनात बाकीची सत्तेचाळीस लाव. व्यंगचित्रं आहेत, चुटके आहेत, मासळीवालीवरची ती कविता आहे. तुझा मुद्दा तेवढ्यानं सिद्ध होतो. भिकीबाईची चौदा लावू नकोस. ती हलक्या दर्जाची आहेत आणि आपल्याच लोकांना वाईट वाटेल. तुझ्या हौसाआत्यालाही ती दाखवू नकोस. तिचं वय झालंय.

नवशिका कोण ते मला सांगता येणार नाही.

प्रकृतीला जप. मेसचं जेवण बरं असतं का?

तुझा काका,
केसरीनाथ


पुणे,
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय काका,

आधी चूक कबूल करते. राखीला गावी आले तेव्हा तुम्ही कल्याणला लग्नाची बोलणी करायला गेला होतात, आपली भेट झाली नाही. मी दापोड्याला हौसाआत्याकडे गेले, आणि तुम्ही नको म्हणाला होतात तरी भिकीबाईची कात्रणं सोबत नेली. नवशिक्यानं वापरलेले शब्द खरे आपले आहेत की त्यानं मनानं केलेत, हे मला तपासायचं होतं. ते आत्याशिवाय कोण सांगणार?

आत्या विळीवर भेंडी चिरत होती. मी म्हटलं, "आत्या, जुन्या मासिकातलं वाचून दाखवते, भिकीबाई नावाच्या बाईचं आहे." तिचा हात थांबला.

"भिकीबाई," ती म्हणाली. "ती मीच हाय."

मला वाटलं गंमत करतेय. तिनं विळी बाजूला सारली. "दवाखान्याचा हाय का त्यात? वाच. मी पुरा कदीच आयकला न्हाय."

मी वाचलं. तुम्हाला पाठ असेल, पण तरी लिहिते. 'नर्सबाईनं सुई काढताच भिकीबाई खाटेवर चढून उभी राहिली आणि ओरडली, न्हाय टोचू देनार, माज्या पोरीचं रगत चोरताव तुमी! सारा वॉर्ड पोट धरून हसला.' मग हनुवटीवरचं गोंदण थरथरू लागलं वगैरे वर्णन आहे. आत्याच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत. मी ते जन्मापासून बघतेय, आणि कात्रण वाचताना मला ते सुचलंसुद्धा नाही.

आत्यानं सांगितलं ते असं. चौऱ्याऐंशी साली तिची माधवीताई चार वर्षांची होती. तिला ताप आला म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. "सकाली डाक्टर बोल्ला व्हता, हिला सुई न्हाय, गोल्याच. दुपारी नर्स सुई घेऊन आली. मी बोल्ले, ही सुई माज्या पोरीची न्हाय. ती हसली. सगली हसली. मी पोरीवर आडवी परले. मंग दुसरी मोठी नर्स आली, तिनं कागद बगितला. सुई बाजूच्या खाटंवरच्या पोरीची व्हती. मना वाचाया येत न्हाय, आयकाया तर येतं?"

मग मला म्हणाली, "रगत चोरताव असं मी कदी बोल्ले? आनि कागद बगितला ते का न्हाय लिवलं त्यानं?"

काका, म्हणजे हे कात्रण मी समजत होते त्याच्याही पलीकडचं निघालं. घडलेलं उलटं करून छापलंय.

पुढचं ऐका. बाजारात कुणीतरी तो अंक मोठ्यानं वाचून दाखवला. आत्या तेव्हा भिवंडीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. गोंदणावरून लोकांनी तिला ओळखलं, आणि दुसऱ्या दिवसापासून "भिकीबाई आली, भिकीबाई आली." महिनाभर तिनं सहन केलं आणि बाजार सोडला. मग तिचे यजमान, नामामामा, आणखी दोघांना घेऊन शेलारला गेले आणि त्यांनी सावळारामला मारलं. पुस्तकांचं कपाट ओढ्यात टाकलं. वाचनालय बंद झालं ते कायमचं. आत्याला आजही खात्री आहे: "सावल्यानंच लिवलं. लिवनारा दुसरा कोन व्हता?"

म्हणजे नवशिका आपल्यातलाच निघाला. माझं अख्खं प्रकरण बदलावं लागेल. आपल्याच माणसाची थट्टा करून शहरात नाव मिळवणारा गावातला लेखक, असं शीर्षक मॅडमना आवडलंय. प्रदर्शनातल्या पाटीवर त्याचं नाव घालायचंय: सावळाराम, शेलार, वाचनालय चालक. तुम्ही त्याला ओळखत होतात. त्यालाच वाचवण्यासाठी तुम्ही ती चौदा लावू नको म्हणालात ना? तुमचा मित्र होता हे मी समजू शकते. पण खरं ते खरं. एवढं एकदा लिहून कळवा.

उन्नती


पुणे,
४ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

उत्तर आलं नाही. मितेशदादाला विचारलं तर म्हणाला, पत्र मिळालंय, तुम्ही वाचून खिशात ठेवलंत. पाट्या बाराला छपाईला जाणार आहेत. तोवर तुमचं काही आलं नाही तर सावळारामचं नाव बरोबर आहे असं धरते. गणपतीला मी येत नाही, इथलं काम संपत नाहीये. आईला सांगा.

उन्नती


वळ,
८ सप्टेंबर २०२४

चि. उन्नतीस आशीर्वाद.

हे पत्र स्पीडपोस्टने पाठवत आहे. घरात गणपतीची माणसं भरली आहेत म्हणून गच्चीवर बसून लिहितो. याआधी दोनदा लिहून फाडलं.

सावळारामचं नाव छापू नकोस. नवशिका मी आहे.

आता सगळं लिहितो. मी एसएससी झालो तेव्हा आपल्या घरातला तेवढा शिकलेला मी पहिला. ठाण्याला एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी गेलो. समोर तिघे बसले होते. एकाने विचारलं, टायपिंग येतं का? मी म्हणालो, "न्हाय." तिघेही हसले. वाईट माणसं नव्हती ती. एकाने मला पाणीसुद्धा दिलं. पण मी परत आलो आणि लूमवर लागलो. तिथे बोलायची गरजच नसते, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.

वाचनालयात 'हसरा गुरुवार' वाचायचो. त्यात गावच्या लोकांवरचे चुटके असत आणि ते लिहिणाऱ्यांना आपली बोली अजिबात येत नसे. मला वाटलं, यांच्यापेक्षा हे मला चांगलं येतं. हसायचंच असेल तर हसणाऱ्यांच्या बाकावर बसावं. बँकेवरचं पहिलं पाठवलं. छापून आलं. संपादकांचं कार्ड आलं, 'अस्सल आहे, आणखी पाठवा.' मला तोवर कुणी अस्सल म्हटलं नव्हतं.

पुढे विषय संपू लागले. दवाखान्यात मी हौसाबरोबर होतो. कोपऱ्यात उभा होतो. सगळे हसले तेव्हा मला शरम वाटली, तिची. मोठ्या नर्सने कागद पाहिला तेव्हाही मी तिथेच होतो. हौसा बरोबर होती हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ते लिहिलं असतं तर त्यात हसण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून ते गाळलं आणि रक्त चोरण्याचं मनाने घातलं. संपादकांनी बदललं असं सांगून मला सुटता येईल, पण ते खोटं होईल. त्यांनी दोन ठिकाणी 'जल्ला' हा उद्गार घातला, एवढंच. बाकी सगळं माझं आहे. गोंदणसुद्धा.

आता सावळाराम. घरी कळू नये म्हणून मी साप्ताहिकाला वाचनालयाचा पत्ता दिला होता. अंक आणि कार्डं त्याच्याकडे येत. म्हणजे नवशिका कोण हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. बाजारात ते वाचलं गेल्यावर हौसा घरी येऊन रडली आणि म्हणाली, "केसरी, तू वाचनालयात जातोस. दवाखान्याचं तू सावल्याला सांगितलंस ना?" मी मान हलवली. तोंडाने होय म्हणालो नाही, फक्त होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी नामाभावजी शेलारला गेले. मला ते जाताना दिसले. मी ड्युटीवर गेलो.

सावळारामने मार खाल्ला आणि माझं नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. मी त्यानंतर कधी शेलारला त्याच्या दारात गेलो नाही. बाजारात दिसला तर रस्ता बदलायचो. चाळीस वर्षं.

तू विचारलं होतंस, कात्रणं का जमवलीत. चौदा माझी आहेत. बाकीची सत्तेचाळीस मी त्यानंतर जमवली; वाचनालयातून जमली असं आधी लिहिलं ते खोटं होतं. मुंबईचा, पुण्याचा, कुठलाही अंक मिळाला की त्यात आपल्यावरचा विनोद शोधायचो आणि कापायचो. बघ, सगळेच लिहितात, मी एकटा नाही, हे स्वतःला दाखवायला. तुला पाठवली तेव्हा चौदा काढून ठेवणार होतो. गठ्ठा सोडला, पुन्हा बांधला, आणि सगळीच पाठवली. त्या गाठी मी का मारल्या ते तुला आता कळलं असेल.

तुला जे योग्य वाटेल ते कर.

केसरीनाथ


पुणे,
१३ सप्टेंबर २०२४

काका,

पत्र अकराला मिळालं. सावळारामांचं नाव काढलं. पाट्या थांबवल्या आहेत. त्या नावाची पाटी छापून भिंतीवर लागली असती, तर चाळीस वर्षांनी मी त्यांना दुसऱ्यांदा मारलं असतं, आणि तेही विद्यापीठाच्या शिक्क्यानं. तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तरी हे झालं असतं. हे तुमच्या लक्षात आलंय का?

मी चिडलेय. तुमच्यावर, आणि माझ्यावरही. मी ठरवून टाकलं होतं की हसणारा पुलापलीकडचा असणार. मग तो गावातला निघाला तेव्हा लगेच दुसरा माणूस धरला, कारण तो माझ्या शीर्षकात बसत होता. एकसष्ट कात्रणं टेबलावर पसरून मी महिनाभर बसले होते आणि कापणाऱ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही. त्यांनी ते कात्रण पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, कात्रण खोटं ठरलेलं नाही, आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता. ते छापलं गेलं, लोक हसले, बाईनं बाजार सोडला, हे खरंच आहे. पण त्या हसण्याच्या जोरावर एक मुलगा आपल्या बहिणीला कसं बघायला शिकला, हेही त्यातच आहे.

ते सगळं प्रबंधात होईल. आत्ता मला एकच विचारायचंय. आत्याला कोण सांगणार? मी सांगणार नाही. मी तिला कात्रण वाचून दाखवलं ते तुमचं न ऐकता, ती माझी चूक होती. ही तुमची आहे. तुम्ही तिला सांगितल्याचं कळेपर्यंत ती चौदा कात्रणं पाकिटात बंद राहतील. आत्या नको म्हणाली तर कधीच लागणार नाहीत.

कानाचं यंत्र घालून जा. ती काय बोलते ते ऐकू यायला हवं.

उन्नती


वळ,
२३ सप्टेंबर २०२४

चि. उन्नतीस आशीर्वाद.

गणपती गेले आणि एकोणीस तारखेला मी दापोड्याला गेलो. यंत्र घातलं होतं. त्यातून पंख्याचासुद्धा आवाज येतो, फार त्रास होतो.

हौसा एकटीच होती, तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. कोपऱ्यात उभा होतो इथपासून मान हलवली इथपर्यंत सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडतच राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "येवरी वर्सं माज्या हातचं जेवलास."

"होय."

"दर भाऊबीजेला."

"होय."

"हे त्याला मारून आले तवा दारात मी त्यांना पानी दिलं, हात धुवाया. हाताला रगत व्हतं. मी बोल्ले, बरं केलं." मग सूप खाली ठेवलं. "ते गेले. त्यांना आता कोन सांगंल? तू सांगशील?"

ती आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. ती लुगडं बदलून आली आणि म्हणाली, "रिक्शा बोलव. शेलारला जायाचं."

रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. यंत्र चालू होतं, म्हणजे खरंच बोलली नाही.

सावळाराम आता पंचाहत्तरचा आहे. मुलाकडे, विपुलकडे राहतो. ओट्यावर भिंग घेऊन पेपर वाचत होता. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, नीट सरळ होत नाहीत. ती कधीपासून तशी आहेत हे मी विचारलं नाही. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "ये केसरी. हौसा, तूपण ये."

मी त्याला म्हणालो, "तुला माहीत होतं. तू का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "मी नाव घेतलं असतं तर त्यांनी तुझे हात मोडले असते. तू लूमवर होतास, हात गेला की काम गेलं. माझी शेती होती. तेवढाच हिशेब केला मी, जमिनीवर पडल्या पडल्या. नंतर वाटलं, तू येशील. आठवडाभर मी रोज ओट्यावर बसलो."

मी म्हणालो, "मी घाबरलो."

"ते कळलं," तो म्हणाला. "मारणाऱ्यांचं मला इतकं वाटलं नाही. ते फसले होते. तू एकदा यायला पाहिजे होतंस."

मी माफी मागितली. तो बरं म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हौसा पुढे होऊन म्हणाली, "ते न्हाय आता. त्यांच्या बदली मी मागते."

"तू कशाला? तू कुठे मारलंस?"

"पानी दिलं मी. बरं केलं बोल्ले."

यावर सावळारामने पेपरची घडी केली. मग त्याने भिंग खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "तुझ्या पुतणीला एक कळव. बँकेचं ते पहिलं तू पाठवण्याआधी मला वाचायला दिलं होतंस. आठवतं? मी हसलो होतो. मीच म्हणालो, पाठव. तेव्हा सगळा दोष एकट्या तुझ्या नावावर लिहू नकोस म्हणावं."

मला हे आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. चाळीस वर्षं मी माझाच अपराध उगाळत बसलो आणि त्याच्या हसण्याची आठवण पुसून टाकली.

चहा झाला. उठताना हौसा त्याला म्हणाली, तू वाच, सगली चौदा. मी म्हणालो, ती पुण्याला आहेत. तर म्हणाली, "मागव."

तेव्हा झेरॉक्स काढून पाठव. मूळ प्रती तुझ्याकडेच ठेव.

केसरीनाथ


दापोडे,
३० सप्टेंबर २०२४

उन्नतीताई,

माझं नाव पूर्वी, मी माधवीची मुलगी. आजी सांगतेय आणि मी लिहितेय. तिनं सांगितलंय की एक शब्दसुद्धा शुद्ध करायचा नाही.

उन्नते,

कागद मिलालं. काल शेलारला जाऊन सावल्याकडनं सगली चौदा आयकली. दुपार गेली. दोन बरी हायत, मना हसू आलं. फोटोचा हाय तो खरा हाय, मी डोले मिटले व्हते, फोटोवाला बोंबलला व्हता. लिफ्टचा खोटा हाय, मी लिफ्टमदे कदी बसलेच न्हाय. बँकेचा आईचा हाय, माजा न्हाय. दवाखान्याचा तुला सांगितलाय.

तू भिंतीवर लाव सगली. मी नको बोलत न्हाय. पर कात्रनाच्या बाजूला मी सांगते ते लाव, तेवऱ्याच मोठ्या अक्षरात. लिव.

मी हौसा, गाव दापोडे. चौऱ्याऐंशी साली माज्या माधवीला ताप आला. डाक्टर बोल्ला गोल्या देयाच्या, सुई न्हाय. नर्सनं सुई आनली. मी बोल्ले न्हाय. सगली हसली. कागद बगितला तवा हसनं थांबलं. कोनी माफी मागली न्हाय. माधवी जगली, तिची पोरगी हे लिवतेय. बाजार मी सोडला कारन लोक हसत व्हते. भाजी चांगली व्हती माजी.

येवराच लिव. जास्ती नको. आनि नवशिका नको लिवू, केसरीनाथ लिव. तो कबूल हाय, पूर्वीनं त्याला विचारलं. सावल्याचं नाव मदे कुटं नको, त्याचा कायबी संबंध न्हाय, तो बोल्ला मी हसलो, तर हसाया काय, मीबी काल हसले.

पाच तारखेला मी येनार हाय. सावल्यालाबी आनते. मितेश गाडी काढतो बोल्ला. बसाया खुर्च्या ठेव, सावल्याला उबं रावाया जमत न्हाय.

केसरीचं विचारशील. तो रोज सांजचा येतो. दारात बसतो. मी ताट वाढते, तो जेवतो. मी बोलत न्हाय त्याच्याशी. रागानं न्हाय. काय बोलायचं ते अजून सुचलं न्हाय. बोलंन तवा कलवीन तुला.

हौसाआत्या